बीपीची गोळी

एआरटी सेंटरमध्ये समुपदेशकाची नोकरी करणाऱ्याला लोकांना खोटं बोलायला शिकवावं लागतं, हे नोकरीच्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं. आमच्याकडे एचआयव्हीच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या बऱ्याच जणांच्या घरात खरा आजार एखाद्यालाच माहीत असतो, कधी कुणालाच नाही. रोज ठरल्या वेळी घ्यायच्या गोळीला मग घरच्यांसमोर काहीतरी नाव द्यावं लागतं. टीबी म्हणून चालत नाही, ताट वेगळं होतं. शक्तीची म्हटलं तर जाऊ म्हणते, मलाही दे. काही जण शुगर सांगतात, पण मग घरचे चहातली साखर बंद करतात आणि लग्नाच्या पंगतीत जिलबीला नाही म्हणावं लागतं. सगळ्यात सोयीचं उत्तर एकच : बीपीची गोळी. बीपी हा प्रतिष्ठेचा आजार आहे. तो सरपंचांना असतो, मास्तरांना असतो. गोळी रोजची, आयुष्यभराची, आणि पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

हे उत्तर मी अनेकांना सुचवलं आहे आणि उद्याही सुचवेन. त्यानं संसार टिकले, गोळ्या चुकल्या नाहीत. पण ज्यांनी तिशीत हे उत्तर पाठ केलं ते आता पन्नाशीत आले आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांना खरोखरच बीपी झालं आहे.

एका मावशींचं उदाहरण सांगते. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलाचं लग्न झालेलं, घरात सून, नातू. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, कायम 'आढळला नाही' असाच. आमच्या भाषेत ही सगळ्यात चांगली पेशंट. हिच्याबरोबर खोलीत फार वेळ बसावं लागत नाही. एका तारखेला सिस्टरनी सहज बीपी घेतलं तर वरचा आकडा १८० च्या पुढे. चौकशी केली तेव्हा कळलं की गावात आशाताई घरोघरी तिशीपुढच्यांची नोंद करायला आल्या होत्या. मावशी शेतात होत्या. सुनेनं अभिमानानं सांगितलं, "आईंना बीपी हाय, पण गोळी कधी चुकवत न्हाईत." आशाताईंनी लिहून घेतलं : उपचार सुरू. कागदावर त्यांच्या बीपीवर उपचार चालू होते आणि शरीरात मोकाट बीपी होतं. सून खोटं बोलली नव्हती. आशाताईंचंही चुकलं नव्हतं. आणि मावशी घरी जाऊन काय सांगणार? 'आता मला बीपीची गोळी सुरू झाली'? घराच्या हिशेबानं ती पंधरा वर्षं चालूच होती. शेवटी "डॉक्टरांनी डोस वाढवलाय, एकाच्या दोन झाल्यात" असं सांगायचं ठरलं. म्हणजे पहिल्या खोट्याला दुसऱ्या खोट्याचा टेकू.

इथवर आम्ही कसे आलो ते थोडं मागे जाऊन सांगायला हवं. सरकारनं मोफत एआरटी सुरू केली १ एप्रिल २००४ ला, देशातल्या आठ रुग्णालयांत. त्यांत मुंबईचं जे. जे. होतं. तिथून पुढे ती हळूहळू जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली. मी नोकरीला लागले तेव्हा गोळी सुरू करायला साधारणपणे सीडी-फोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, २०० च्या खाली जावा लागे. त्यामुळे माणूस यायचा तोच दोघांच्या खांद्यावर हात टाकून. तोंडात पांढरा थर, जुलाब, टीबी, मेंदूज्वर. त्या वेळच्या गोळ्यांमध्ये स्टॅव्ह्यूडीन असायची. तिनं जीव वाचायचा, पण काही वर्षांत गाल आत जायचे, हातापायांवरच्या शिरा उठून दिसायच्या. लोक चेहऱ्यावरून एकमेकांना ओळखायचे. आज ती गोळी राहिलेली नाही.

तेव्हा आमच्या खोलीत एकच मंत्र होता : खा आणि गोळी चुकवू नका. अंडी खा, शेंगदाण्याचा लाडू खा, केळी खा, तूप परवडत असेल तर तेही खा. सेंटरमधलं सगळ्यात महत्त्वाचं यंत्र म्हणजे वजनकाटा. काट्यावर उभं राहून आकडा वाढलेला दिसला की बायका वळून हसायच्या. पेशंटच्या उपचाराच्या वहीत, म्हणजे ग्रीन बुकात, वजनाचा आकडा वर चढत गेला की तेच आमचं प्रगतिपुस्तक. तंबाखूचा विषय त्या काळात कुणी काढत नसे. ज्याला पुढचा पावसाळा दिसेल की नाही याची खात्री नाही त्याला तंबाखू सोड म्हणणं हा क्रूरपणा झाला असता, असं मला आजही वाटतं.

मग गोळ्या सुधारल्या. सुरू करण्याची मर्यादा वर सरकत गेली आणि २०१७ मध्ये सीडी-फोर कितीही असो, निदान झालं की गोळी, असं धोरण आलं. २०२० च्या सुमारास डोल्युटेग्राव्हिरची एकच गोळी रुळली. विषाणू लवकर दबतो, आधीच्या गोळ्यांसारखी चक्कर येत नाही, तशी वाईट स्वप्नं पडत नाहीत. माणसं जगू लागली. कर्ज काढून घरं बांधू लागली, मुलींची लग्नं ठरवू लागली. आणि आमच्या रजिस्टरमधला मृत्यूच्या कारणाचा रकाना बदलला. पूर्वी तिथं टीबी असायचं, मेंदूज्वर असायचा. आता केअर कोऑर्डिनेटर गैरहजर पेशंटच्या घरी फोन लावते आणि पलीकडून ऐकू येतं, "गेले की ते. रात्री छातीत दुखलं. दवाखान्यात न्यायच्या आतच." फाइल उघडून बघावं तर शेवटचा व्हायरल लोड उत्तम. आमची कोऑर्डिनेटर स्वतः पॉझिटिव्ह आहे, बोलायला तिखट. ती म्हणते, "व्हायरसनं सोडलं आणि हार्टनं धरलं."

हे केवळ वय वाढल्यामुळे होत नाही. एचआयव्ही असलेल्या माणसाला हृदयविकाराचा धोका तसाच दुसरा माणूस घेतला तर त्याच्या जवळजवळ दुप्पट असतो, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसलं आहे. आमच्या डॉक्टरांनी मला ते समजावलं तेव्हा मला चूल आठवली : जाळ विझला तरी राखेखाली धग राहते. गोळीमुळे रक्तात विषाणू दिसेनासा होतो, पण प्रतिकारशक्ती पूर्ण शांत होत नाही. संसर्गाच्या सुरुवातीलाच आतड्याच्या अस्तरातल्या संरक्षक पेशींची मोठी हानी झालेली असते. ते अस्तर पुन्हा पहिल्यासारखं घट्ट होत नाही आणि आतड्यातल्या जंतूंचे अंश थोडे थोडे रक्तात झिरपत राहतात. शरीर त्यांच्याशी अखंड बारीक झुंज देत राहतं. या सततच्या दाहात रक्तवाहिन्यांच्या भिंतींत चरबीचे थर साचतात, आणि ते थर मऊ, लवकर फुटणारे असतात. त्यात आपण मुळातच भारतीय उपखंडातले. 'इंटरहार्ट' नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांचं पहिल्या झटक्याचं वय साधारण ५३ निघालं होतं, बाकी जगाच्या सहाएक वर्षं आधी. या दोन गोष्टी एका माणसात एकत्र आल्या की चाळिशीतच जपावं लागतं.

इथं लगेच एक गैरसमज होतो म्हणून सांगते. "गोळ्यांनीच हार्टला त्रास होतो ना? मग थोडे दिवस बंद ठेवू का?" असं विचारणारे आजही भेटतात. काही जुन्या गोळ्यांनी चरबी वाढायची हे खरं आहे. पण मधूनमधून गोळी थांबवून बघण्याचा प्रयोग झालेला आहे. 'स्मार्ट' या अभ्यासात साडेपाच हजारांच्या जवळपास लोक होते. निम्म्यांनी गोळी अखंड घेतली, निम्म्यांनी सीडी-फोर चांगला असेतो थांबवली. थांबवणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त झाले, आणि नुसते एचआयव्हीच्या आजारांनी नव्हे. हृदयाचे, मूत्रपिंडाचे, यकृताचे त्रासही जास्त. म्हणून २००६ मध्ये तो प्रयोग मध्येच बंद करावा लागला. एचआयव्हीची गोळी न चुकवणं हा हृदयाचाही पहिला उपचार आहे. ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगते, कारण यात नवीन काही करायचं नसतं. जे करताय तेच करत राहायचं असतं.

नवीन जे करायचं तिथे माझी खरी अडचण सुरू होते, आणि ती वजनापासूनच.

ज्याला मी पूर्वी लाडू खायला सांगितलं त्यालाच आता पोट कमी करा म्हणते. तो माझ्याकडे असा बघतो, की बाईंचं डोकं ठिकाणावर आहे ना? डोल्युटेग्राव्हिरवर वजन वाढतं, विशेषतः बायकांचं, हे दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासांत स्पष्ट दिसलं आणि आमच्या काट्यावरही दिसतं. पण वजन म्हणजे इथं नुसती चरबी नाही. आमच्या भागात 'बारीक झाला' या शब्दांना एक वास आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी गावोगाव ट्रकवरची, मुंबईहून परतलेली तरुण माणसं बारीक होत होत गेली. लोक ते विसरलेले नाहीत. एक दादा, बाजारात भाजीचा ठेला लावतात, त्यांनी मला स्वच्छ सांगितलं : "ताई, तुमी म्हणताय तसं उतरवलं, तर गाव म्हणंल ह्याला तसलं कायतरी झालंय. हे पोट हाय तवर माझ्यावर कुणाचा संशय न्हाई." पोट हे त्यांचं गावासमोरचं प्रमाणपत्र आहे. त्याच्या विरोधात कोलेस्टेरॉलचा तक्ता घेऊन बसणं व्यर्थ.

तेव्हापासून मी वजन उतरवा म्हणत नाही. मी टेप काढते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, बाईची ८० च्या आत, हे आपल्याकडच्या लोकांसाठीचं माप. चेहरा आहे तसा राहू द्या, फक्त कमरेचा पट्टा एक घर आत येऊ द्या, म्हटलं की ऐकतात. कोणी ऐकत नाही तर नाही.

'चालायला जा' हा सल्लाही मी जपून देते. दिवसभर भांगलण करून आलेल्या बाईला संध्याकाळी फिरायला जा सांगणाऱ्याच्या अंगावर तिनं खुरपं टाकलं तरी मी तिच्या बाजूनं उभी राहीन. पण तोच सल्ला वॉचमनला, रिक्षावाल्याला, शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईला हवा असतो. मिठाचं मात्र सगळ्यांनाच सांगावं लागतं. दिवसाचं सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका चमच्याहून थोडं कमी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्याकडे खर्डा, लोणचं, पापड आणि वरून ताटात कडेला वाढलेलं मीठ. ताटातलं मीठ बंद करणं जमतं. खर्डा बंद करा म्हटलं तर पुढच्या तारखेला माणूस येत नाही.

तंबाखूवर मी जास्त अडून बसते. इथे गणित सरळ आहे. नियमित गोळी घेणाऱ्या माणसाचं आयुष्य विषाणूपेक्षा विडी-सिगारेटनं जास्त कमी होतं, असं परदेशातल्या अभ्यासांत दिसलं आहे, आणि मी ते डोळ्यांनी बघते आहे. पुरुषांची विडी, तंबाखू-चुना लपत नाही. दात, बोटं, खिसा सगळं सांगतात. बायकांची मशेरी विचारल्याशिवाय कळत नाही. "तंबाखू खाता का?" तर "छे, छे." "मशेरी लावता का?" तर "ती तर दातासाठी." सकाळी उठल्यावर, दुपारी, झोपताना. विधवा झालेल्या, माहेरी परतलेल्या, कुणाशी बोलता न येणाऱ्या बायकांची ती एकटीची करमणूक असते. तिच्या बदल्यात काय देणार, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. एकमेकींसमोर बसवलं तर थोडं जमतं. आमच्या सेंटरमध्ये गोळ्यांच्या दिवशी बाकावर तिघी-चौघी ओळखीच्या असतात. एकीनं सोडली की ती दुसरीला टोचत राहते, आणि ते माझ्या समुपदेशनापेक्षा जास्त लागू पडतं.

बायकांविषयी अजून एक. हृदयाचं दुखणं त्यांच्याकडे दर वेळी छातीवर हात ठेवूनच येतं असं नाही. पाठीत भरतं, जबडा ओढतो, धाप लागते, घाम सुटतो, मळमळतं. सगळ्याला एकच उत्तर : पित्त. मग मेडिकलमधून पित्ताचं पातळ औषध आणायचं. यात दुहेरी नुकसान आहे. दुखणं हृदयाचं असेल तर वेळ जातो. शिवाय ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमची ही पित्ताची औषधं डोल्युटेग्राव्हिरला पोटातच धरून ठेवतात आणि ती रक्तात नीट उतरत नाही. पित्ताचं असं औषध घ्यायचंच असेल तर आमची गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी लागते. महिनोनमहिने रोज दोन्ही एकत्र घेणाऱ्या एका बाईंचा दबलेला व्हायरल लोड पुन्हा दिसायला लागला तेव्हा आम्ही कारण शोधत बसलो. कारण त्यांच्या पर्समध्ये गुलाबी बाटलीत होतं. ईसीजी काढला तर तोही बिघडलेला.

पण मला सगळ्यात जास्त ज्यांनी शिकवलं ते एक ड्रायव्हर काका. पहिल्या गोळ्या निकामी झाल्यामुळे ते बरीच वर्षं दुसऱ्या फळीच्या गोळ्यांवर होते. त्यांत रिटोनाव्हिर असते. गाडी घेऊन दुसऱ्या शहरात गेले असताना त्यांना झटका आला. तिथल्या एका रुग्णालयात रातोरात अँजिओप्लास्टी झाली, चांगली झाली, जीव वाचला. शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत एचआयव्ही निघालाच. गोळीनं विषाणू दबला तरी ही अँटिबॉडी चाचणी पॉझिटिव्हच येते. कुणी त्यांना हाकललं नाही, हेही नीट लिहिलं पाहिजे. फक्त फाइलवर कोपऱ्यात एक खूण झाली, हातमोजे दुहेरी झाले आणि त्यानंतर त्या विषयावर कुणी एक शब्द काढला नाही. 'तुम्ही कोणत्या गोळ्या घेता?' हे विचारलं गेलं नाही. काकांनीही सांगितलं नाही, कारण शेजारच्या खाटेजवळ मेहुणा उभा होता.

घरी येताना झटक्यानंतर देतात तशी भरपूर डोसाची ॲटोर्व्हास्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन गटातली गोळी, आणि रक्त पातळ करणारी टिकॅग्रेलर मिळाली. दोन्ही उत्तम औषधं. पण रिटोनाव्हिर यकृतातली जी यंत्रणा ही औषधं मोडून बाहेर टाकते तीच बंद पाडते. मग दोन्ही औषधं शरीरात साठत जातात. टिकॅग्रेलर तर रिटोनाव्हिरबरोबर द्यायचीच नसते. काका आमच्याकडे आले ते मांड्या-पिंढऱ्या धरून. जिना चढवत नव्हता. दाढी करताना कापलं तर रक्त थांबत नव्हतं. ते याला 'ऑपरेशनचा अशक्तपणा' समजत होते. आमच्या फार्मासिस्टनी पिशवीतल्या पट्ट्या टेबलावर मांडल्या आणि तसेच उठून डॉक्टरांच्या खोलीत गेले. स्नायूंची रक्ततपासणी बिघडलेली होती. काकांची परवानगी घेऊन आमच्या डॉक्टरांनी तिकडच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. ते दहा मिनिटं ऐकून म्हणाले, हे कुणी मला सांगितलं असतं तर मी दुसरं काही दिलं असतं. ते खरंच होतं. स्टॅटिनचा डोस उतरवला, टिकॅग्रेलर बदलली, पुढे एचआयव्हीच्या गोळ्याही बदलून डोल्युटेग्राव्हिरच्या केल्या. काका आज गाडी चालवत नाहीत, पण चालतात.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. उपचारात भेदभाव करायचा नाही, माणसाला आपला आजार जाहीर करायला भाग पाडायचं नाही, हे त्यात आहे आणि ते हवंच. पण काकांच्या बाबतीत कायदा कुणी मोडला नव्हता. सगळे सभ्यपणे गप्प बसले होते. एचआयव्ही असलेल्यांच्या हृदयाच्या धोक्यांची यादी करायची तर बीपी, शुगर, तंबाखू, चरबी यांच्या रांगेत मी हा गप्पपणा लिहीन, आणि खालच्या नंबरवर लिहिणार नाही.

स्टॅटिनचा विषय निघालाच आहे तर 'रिप्रीव्ह'बद्दल सांगते. हृदयाचा कोणताही आजार झालेला नाही, धोका फार नाही, अशा चाळीस ते पंचाहत्तर वयाच्या ७,७६९ एचआयव्हीग्रस्तांना घेऊन १२ देशांत हा अभ्यास झाला. त्यांत भारतही होता. निम्म्यांना रोज पिटाव्हास्टॅटिन, निम्म्यांना तशीच दिसणारी नुसती गोळी. २०२३ मध्ये तो मुदतीआधी थांबवला, कारण फायदा उघड दिसत होता : झटका, पक्षाघात वगैरे मोठ्या घटना ३५ टक्क्यांनी कमी. शुगर होण्याचं प्रमाण थोडं वाढलं, स्नायूदुखीही थोडी. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या मार्गदर्शिकेत चाळिशीपुढच्या एचआयव्हीग्रस्तांसाठी स्टॅटिनची शिफारस आली. पिटाव्हास्टॅटिनची गंमत अशी की यकृतातल्या त्या रिटोनाव्हिरवाल्या यंत्रणेवर ती फारशी अवलंबून नसते, त्यामुळे भांडण कमी. आमच्या खिडकीत ती नाही. ॲटोर्व्हास्टॅटिन सरकारी दवाखान्यात मिळते, आणि बहुतेक लोक आता डोल्युटेग्राव्हिरवर असल्यामुळे तीही चालते.

३५ टक्के ऐकायला मोठं वाटतं. डॉक्टरांनी मला दुसऱ्या पद्धतीनं सांगितलं : शंभरेक जणांनी पाच वर्षं रोज घेतली तर साधारण एकाची मोठी घटना टळते. मी हे तसंच एका शिक्षक पेशंटला सांगितलं. ते म्हणाले, "मग त्या शंभरातला मी कितवा?" उत्तर नसतंच याला. तरी त्यांनी गोळी सुरू केली. दुसऱ्या एकानं साफ नकार दिला : "एक जन्मभराची बास झाली." त्याचाही मला राग आला नाही. माझं मत विचाराल तर, स्टॅटिन जरूर द्या, पण ज्याचं बीपी १७० आहे आणि दिवसातून दहा विड्या चालू आहेत त्याला आधी स्टॅटिन समजावत बसू नका.

राहिला प्रश्न हे सगळं करायचं कुठे. रक्तदाब, साखर, चरबी तपासा, असं २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत लिहिलेलं आहे. आमच्याच इमारतीत असंसर्गजन्य आजारांची ओपीडीही आहे, औषधं फुकट आहेत. पण ती आहे दुसऱ्या मजल्यावर, आणि तिथं रांगेत गावातला माणूस भेटण्याची भीती आहे. आमच्याकडे येणारे काही जण जवळचं सेंटर सोडून मुद्दाम दुसऱ्या जिल्ह्यातून रात्रीच्या एसटीनं येतात, ते याच भीतीनं. शिवाय आमची खिडकी तीन महिन्यांच्या गोळ्या देते आणि वरची खिडकी पंधरा दिवसांच्या. ऊसतोडीला निघालेलं जोडपं एचआयव्हीच्या गोळ्या ट्रॅक्टरमध्ये बांधून नेतं आणि बीपीच्या गोळ्या दिवाळीनंतर संपतात. कारखान्याच्या फडावर बीपीची आठवण कुणाला येते? शिमग्यानंतर परत येतात तेव्हा आकडा जिथं होता तिथं, किंवा त्याच्याही वर.

म्हणून आमच्या डॉक्टरांनी दोन साध्या गोष्टी केल्या. बीपीचं यंत्र माझ्या टेबलावर आणून ठेवलं. आणि वरच्या ओपीडीच्या डॉक्टरांशी बोलून ज्यांचं बीपी स्थिर आहे त्यांच्या बीपीच्या गोळ्या आमच्याच तारखेला, आमच्याच मुदतीच्या मिळतील अशी सोय लावली. दुसऱ्या गोष्टीत साठा संपला की खंड पडतो, पण सोय टिकून आहे. माणूस आला की आधी पाच मिनिटं नुसता बसतो. रात्रभर एसटीत उभं राहून आलेल्याचं बीपी लगेच घेण्यात अर्थ नसतो. मग दोनदा मोजायचं आणि ग्रीन बुकात वजनाच्या शेजारी लिहायचं. कुणाला वर पाठवायचं नाही, कुणाला नाव सांगायला लावायचं नाही. पूर्वी जे बीपी तपासायला दुसऱ्या मजल्यावर गेलेच नसते त्यांचे आकडे आता आमच्याकडे आहेत. देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि त्यांतले सगळ्यात जास्त महाराष्ट्रात आहेत. त्यांचं बीपी सांभाळायला नवीन इमारती लागत नाहीत. ज्या खोलीत माणूस आधीच विश्वासानं येतो तिथं एक यंत्र, दोन-तीन स्वस्त गोळ्या आणि विचारणारं कुणीतरी, एवढंच लागतं.

डॉक्टर मंडळींना एक विनंती. छातीत दुखतं म्हणून आलेल्या माणसाला रोजच्या गोळ्या विचाराल तेव्हा नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर थांबवा. डबीवरचं लेबल खरवडून काढलेलं असेल, तर ती कशाची हे एकट्यात, आवाज न चढवता विचारा, आणि लिहून देण्याआधी जवळच्या एआरटी सेंटरच्या डॉक्टरांना फोन करा. आणि हे वाचणारे तुम्ही स्वतः आमच्यासारख्या सेंटरमधून गोळ्या नेत असाल, तर पुढच्या तारखेला घरातल्या सगळ्या पट्ट्या, बाटल्या, पित्ताचं औषध, वैद्यांची पुडी, जे असेल ते पिशवीत घालून आणा. चाळिशी ओलांडली असेल तर चरबीची तपासणी मागून घ्या. आणि बीपी मोजल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.